स्वभाव, प्रयत्न आणि कूलिंग टॉवरमधला वारा

कूलिंग टॉवरमधून हवा वाहती ठेवण्याच्या दोन रीती आहेत. एकीत पंखा नसतो. उंच मनोऱ्याच्या पोटातली ऊबदार, ओली हवा बाहेरच्या हवेपेक्षा हलकी असते, म्हणून ती वर चढते आणि तिची जागा घ्यायला खालून नवी हवा आत शिरते. दुसरीत विजेवर चालणारा पंखा हवेला ढकलतो किंवा ओढतो. पहिलीला नैसर्गिक ओढ म्हणतात, दुसरीला यांत्रिक ओढ. नावे अभियंत्यांची असली तरी त्यांच्या मुळाशी भारतीय दर्शनांतला एक जुना वाद आहे. जगातली गती वस्तूंच्या स्वभावातून येते की कोणाच्या तरी प्रयत्नातून? एखादी गोष्ट आपोआप घडते असे म्हटले, की तिचा कर्ता नाहीसा होतो का? आणि कर्ता दिसत नसेल, तर फळाची जबाबदारी कोणावर?

हा प्रश्न तपासायला चंद्रपूरइतकी योग्य जागा महाराष्ट्रात दुसरी नाही. शहराला लागून दुर्गापूर आणि ऊर्जानगरच्या परिसरात महानिर्मितीचे महाऔष्णिक विद्युत केंद्र आहे. त्याचा २१० मेगावॉटचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. गडचिरोली हा चंद्रपुरातून वेगळा जिल्हा होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. पुढे संच वाढत गेले, पहिले दोन निवृत्त झाले, आणि आज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. भोवती कोळशाच्या खाणी, एका बाजूला ताडोबाचे जंगल, आणि पाण्यासाठी इरई नदीवरचे धरण. उन्हाळ्यात या भागात पारा ४६-४७ अंशांवर जातो. पाणी थंड करण्याची गरज आणि ते करण्याची अडचण, दोन्ही इथे एकाच वेळी कळसाला पोहोचतात.

कोळसा जाळून मिळालेल्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशाची वीज होते. काही भाग धुराड्यातून जातो. उरलेली उष्णता, म्हणजे एकूण उष्णतेच्या निम्म्याच्या आसपास, टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेत असते. ही वाफ कंडेन्सरमध्ये पुन्हा पाणी झाली तरच चक्र पुढे चालते. तिने सोडलेली उष्णता कुठेतरी टाकावीच लागते. सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ च्या आपल्या पुस्तकात हे तत्त्व मांडले, की गरम आणि थंड अशा दोन टोकांशिवाय उष्णतेतून काम काढता येत नाही. टाकलेली उष्णता ही यंत्राची चूक नव्हे. ती कामाची अट आहे. कोणतेही कर्म शेष ठेवल्याशिवाय होत नाही, असे कर्मवादी सांगत आले. वाफेच्या यंत्रापुरते तरी हे शब्दशः खरे आहे.

५०० मेगावॉटच्या एका संचाच्या कंडेन्सरमधून ताशी सुमारे ५० ते ६० हजार घनमीटर पाणी फिरते. आत जाताना ते जितके गरम असते त्यापेक्षा जवळपास १० अंश अधिक गरम होऊन ते बाहेर येते आणि टॉवरवर चढवले जाते. तिथे ते वरून शिंपडले जाते, फिल म्हणजे पाणी पसरवणाऱ्या पत्र्यांवरून किंवा पट्ट्यांवरून पातळ होऊन ओघळते आणि वाहत्या हवेला भेटते. थंड होते ते मुख्यतः स्वतःचाच एक अंश वाफेच्या रूपाने सोडून. एक लिटर पाणी १० अंशांनी थंड करायला ४२ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल घेऊन जाते. म्हणजे साठेक लिटरांमागे एक लिटर उडून गेले, की बाकीचे थंड होते. घरातला माठ हेच करतो. टॉवरच्या तोंडातून निघणारा पांढरा लोट पाहून अनेकांना तो धूर वाटतो. धूर शेजारच्या उंच, सडपातळ धुराड्यातून निघतो. टॉवरमधून निघते ते इरईचे पाणी.

पाणी खाली पडते, आच वर जाते, वारा वाहतो. या तीन साध्या गोष्टींचा विचार वैशेषिक दर्शनाइतक्या चिकाटीने फार थोड्यांनी केला आहे. कणादांच्या वैशेषिक सूत्रांच्या पाचव्या अध्यायात पाण्याच्या गतीची क्रमवार चर्चा येते. आधार सुटला की पाणी जडपणामुळे पडते, द्रवपणामुळे वाहते, आणि सूर्याच्या किरणांनी व वायूच्या संयोगाने वर चढते. प्रशस्तपादांच्या भाष्यात आणि पुढे सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात द्रव्यांचे स्पर्श सांगितले आहेत. पाण्याचा स्पर्श शीत, तेजाचा उष्ण, आणि वायूचा ना उष्ण ना शीत. या दृष्टीने गरम पाणी ही गोष्टच औपाधिक आहे. पाणी गरम होत नाही. त्यात शिरलेले तेज गरम लागते. तेज निघून गेले की पाणी आपल्या मूळ शीतपणावर येते. टॉवरमधले पाणी थंड करणे म्हणजे पाण्याला त्याच्या स्वभावावर परत आणणे, असे एखादा वैशेषिक म्हणाला असता.

आजच्या भौतिकशास्त्रात ही मांडणी टिकत नाही. उष्णता हे पाण्यात शिरणारे द्रव्य नसून रेणूंची हालचाल आहे, आणि पाण्याला स्वतःचे असे कोणतेही तापमान नाही. कणादांना कूलिंग टॉवर ठाऊक होता असे सुचवण्याचा मोह टाळलेला बरा. त्याने ना कणादांचा मान वाढतो, ना विज्ञानाचा. पण त्यांनी विचारलेला प्रश्न अजून जिवंत आहे. अग्नीची ज्वाळा वर का जाते, वायू आडवा का वाहतो, याचे दृश्य कारण सापडत नाही तेव्हा सूत्रकार अदृष्टाकडे बोट दाखवतात. अदृष्ट म्हणजे न दिसणारे कारण. पुढच्या परंपरेत त्याचा अर्थ जीवांच्या पूर्वकर्मांतून साठलेले पुण्यपाप असा पक्का झाला. इथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की वैशेषिक वाऱ्याला विनाकारण वाहू देत नाहीत. कारण दिसत नसले तरी ते आहे, एवढे ते ठामपणे धरून बसतात.

याच्या उलट टोकाला स्वभाववादी. काट्याला टोक कोणी काढले, मोराला रंग कोणी दिले, असे विचारणारा हा पक्ष म्हणतो की वस्तूंचा स्वभावच तसा आहे, त्यामागे कारण शोधू नये. नैसर्गिक ओढीच्या टॉवरचे वर्णन सहसा याच थाटात होते: ऊबदार हवा वर जाते, हा तिचा स्वभाव. हे वर्णन कुठवर पुरते ते आकडे सांगतात.

मनोऱ्यातली ओढ तीन गोष्टींवर ठरते: मनोऱ्याची उंची, गुरुत्वाकर्षण, आणि बाहेरच्या व आतल्या हवेच्या घनतेतला फरक. आतली हवा दोन कारणांनी हलकी होते. एक तर ती सहसा बाहेरच्यापेक्षा गरम असते. दुसरे म्हणजे ती बाष्पाने भरलेली असते, आणि पाण्याच्या वाफेचा रेणू हवेच्या सरासरी रेणूपेक्षा हलका असतो. ओली हवा जड वाटते खरी, पण ती हलकी असते. घनमीटरमागे ५० ग्रॅमचा फरक धरला आणि ओढ देणारी उंची १२० मीटर धरली, तर मिळणारा दाब भरतो जेमतेम सहा मिलिमीटर पाण्याच्या थराइतका. एवढ्याशा दाबावर काँक्रीटचा तो अवाढव्य डोलारा श्वास घेतो.

आता चंद्रपूरचे तीन ऋतू घ्यावेत. डिसेंबरच्या पहाटे बाहेर १५ अंश आणि मध्यम आर्द्रता असताना, टॉवरमधून ३० अंशांची बाष्पाने भरलेली हवा बाहेर पडत असेल, तर घनमीटरमागे फरक सुमारे ७५ ग्रॅमचा निघतो. ओढ उत्तम. श्रावणात बाहेर २८ अंश आणि हवा ओलीचिंब, आतून ३६ अंशांची हवा निघते असे धरले, तर फरक ४० ग्रॅमच्या घरात येतो. ओढ बरी. मे महिन्याच्या दुपारी मात्र बाहेर ४६ अंश आणि कोरडी ठणठणीत हवा असते. पाण्याला भेटून ही हवा थंड होते. ती ३७ अंशांवर बाष्पाने भरून निघाली, तर बाहेरच्या हवेपेक्षा हलकी असण्याऐवजी किंचित जडच ठरते. मग ती वर कशाला चढेल? प्रत्यक्षात ओढ मंदावते, हवा कमी येते, पाणी अधिक गरम राहते, आणि ते इतके तापते की आतली हवा पुन्हा कशीबशी हलकी व्हावी. ओढ सुरू राहते ती पाण्याच्या तापण्याच्या मोलाने. विजेची मागणी सर्वांत जास्त असते त्याच दुपारी.

न्यायदर्शनातले आचार्य उदयन दहाव्या शतकात होऊन गेले. त्यांच्या न्यायकुसुमांजलीत स्वभाववादाचे खंडन आहे, आणि त्याचा कणा एकाच निरीक्षणावर उभा आहे. जे कधी असते आणि कधी नसते, ते कशाच्या तरी अपेक्षेने असते. स्वभाव जर कशावरही अवलंबून नसेल, तर त्याचे कार्य एकतर नेहमी असावे किंवा कधीच नसावे. कादाचित्क असणे हीच कारण असल्याची खूण. चंद्रपूरच्या हवेत उभा केलेला नैसर्गिक ओढीचा टॉवर म्हणजे या युक्तिवादाचे दृश्य उदाहरण. हवेचे वर जाणे हा तिचा निरपेक्ष स्वभाव असता तर तो डिसेंबरात आणि मेमध्ये सारखाच दिसला असता. तो ऋतूगणिक बदलतो. म्हणजे नैसर्गिक या शब्दाने जे सांगितले जाते ते निष्कारण नाही. ते सापेक्ष आहे, आणि ज्याची अपेक्षा आहे तो बाहेरचा ऋतू माणसाच्या हातात नाही.

आणखी एक अपेक्षा आहे, ती माणसाच्या हातातली: मनोरा. हवा हलकी झाली तरी तिला शंभर-सव्वाशे मीटर सलग बांधून ठेवणारे कवच नसेल तर ती चहूकडे पांगते आणि ओढ निर्माणच होत नाही. कमरेत आवळलेल्या डमरूसारखा हा आकार नेदरलँड्समधल्या फ्रेडरिक व्हान इटरसन या अभियंत्याचा. एमा या सरकारी कोळसाखाणीवर १९१८ मध्ये तसा पहिला टॉवर उभा राहिला. या आकाराने पातळ कवचालाही मोठी ताकद मिळते. राजस्थानातल्या झालावाडजवळच्या कालीसिंध केंद्राचे टॉवर २०२ मीटर उंच आहेत. पंखा नाही, मोटर नाही, वीज लागत नाही. पण हजारो टन काँक्रीट, वर्षानुवर्षांचे गणित, बांधणाऱ्यांचे श्रम त्यात आहेत. प्रयत्न इथे नाहीसा झालेला नाही. तो एकदाच, आधीच करून कवचात थिजवला आहे, एवढेच. कवच किती डोळसपणे आखावे लागते हे इंग्लंडमधल्या फेरीब्रिजने दाखवले. १ नोव्हेंबर १९६५ च्या वादळात तिथल्या आठपैकी तीन टॉवर कोसळले. वाऱ्याचा सरासरी वेग हिशेबात धरला होता, झोतांचा नाही, आणि दाटीने उभ्या टॉवरांमधून वारा कसा उसळेल हेही पुरते पाहिले नव्हते. आपोआप चालणाऱ्या त्या रचनेतले माणसाचे कर्तृत्व त्या दिवशी सगळ्यांना दिसले.

यांत्रिक ओढीच्या टॉवरात प्रयत्न उघड असतो. पंखा, मोटर, गिअरबॉक्स, आणि फिरता राहण्यासाठी संचाच्या विजेतला शेकडा अर्ध्या भागाच्या आसपासचा वाटा. टॉवर ठेंगणा असतो, खोल्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीला आपला पंखा. भार कमी झाला, हिवाळा आला, तर काही पंखे बंद ठेवता येतात. मेच्या दुपारी ओढ घनतेच्या फरकावर अवलंबून नसल्याने हवेचा पुरवठा टिकून राहतो. मात्र पंखा थांबला की ओढही जवळजवळ थांबते. इथला प्रयत्न साठवून ठेवता येत नाही. तो क्षणोक्षणी पुन्हा करावा लागतो.

पंखा कुठे बसवायचा यावरही बरेच ठरते. तो खाली, हवा आत शिरते तिथे बसवला तर कोरड्या हवेत राहतो, दुरुस्तीला सोपा पडतो. पण ढकललेली हवा माथ्यातून इतकी संथ निघते की तिचा काही भाग खाली वळून पुन्हा पंख्याच्याच तोंडात जातो. टॉवर स्वतःचीच उष्टी हवा ओढू लागतो. पंखा माथ्यावर बसवला तर ओली, गरम हवा जोराने वर फेकली जाते आणि हा दोष बराच कमी होतो. म्हणून मोठ्या केंद्रांत यांत्रिक टॉवर बहुधा माथ्यावर पंखा असलेलेच असतात. पंख्याची पाती सतत ओलाव्यात राहणे, ही त्याची किंमत.

हवा आणि पाणी एकमेकांना कोणत्या दिशेने भेटतात, ही तुलनेची दुसरी बाजू. आडव्या प्रवाहात पाणी उभे खाली पडते आणि हवा बाजूने आत येऊन त्याला आडवी छेदते. उन्हाळ्यात चंद्रपूर-गडचिरोलीत घरोघर खिडकीला लागणारा कूलर हाच प्रकार आहे. वाळ्याच्या किंवा लाकडाच्या किसाच्या ताट्यांवरून पाणी झिरपते आणि आतला पंखा त्यांतून आडवी हवा ओढतो. गरज तिथे खोलीची हवा थंड करण्याची, केंद्रात पाणी थंड करण्याची. रचना मात्र भावंडांसारखी. या रचनेत हवेला अडथळा कमी होतो, पाणी वरच्या उघड्या हौदातून आपल्याच वजनाने भोकांतून पडते, साफसफाई चालत्या टॉवरातही जमते. उघड्या हौदात शेवाळ धरते आणि जागा जास्त लागते, हे तोटे.

सामोऱ्या प्रवाहात पाणी खाली आणि हवा वर, अगदी समोरासमोर. तळाशी सर्वांत थंड झालेल्या पाण्याला सर्वांत कोरडी, ताजी हवा मिळते; माथ्याशी सर्वांत गरम पाण्याला जवळपास ओली झालेली हवा मिळते, आणि ती त्याच्याकडूनही अजून काही घेऊ शकते. वाटेवर कुठेच दोघांतला फरक संपत नाही, म्हणून थोड्या जागेत जास्त काम होते. त्यासाठी पाणी दाबाने तोट्यांतून फवारावे लागते आणि हवेला वर रेटायला जास्त जोर लागतो. नैसर्गिक ओढीच्या टॉवरातही हे दोन्ही प्रकार आहेत. सामोऱ्या प्रवाहात फिल कवचाच्या आत तळाशी असते, आडव्यात ते कवचाबाहेर पायाशी कड्यासारखे मांडलेले असते.

वायू स्वभावतः आडवा वाहतो, वर जाणे हे तेजाचे, असे कणाद म्हणतात. सामोऱ्या प्रवाहाच्या टॉवरात वायू वर जातो. वैशेषिक याला हरकत घेणार नाही. त्यांच्या मते दुसऱ्या कारणाने द्रव्याला वेगळी गती मिळू शकते, हात उचलला की मुसळ वर जाते तशी. स्वभाव म्हणजे बेडी नव्हे, सुरुवातीची दिशा. तिला वळवणारे कारण कोणते आणि कोणाचे, हा पुढचा प्रश्न.

तरीही एक मर्यादा दोन्ही रीतींना सारखीच आहे. पंखा कितीही जोरात फिरवला, मनोरा कितीही उंच बांधला, तरी बाष्पीभवनाने पाणी थंड करणारा टॉवर त्या दिवशीच्या ओल्या बल्बच्या तापमानाखाली पाणी नेऊ शकत नाही. थर्मामीटरच्या टोकाला ओले फडके गुंडाळून त्यावर वारा सोडला की जे तापमान दिसते, ते हे. वर घेतलेल्या मेच्या दुपारी हवा ४६ अंशांची असली तरी हे तापमान २४ च्या आसपासच येते. श्रावणातल्या २८ अंशांच्या हवेत ते २६ वर असते. म्हणजे होरपळणाऱ्या मेमध्ये पाणी अधिक थंड होण्याची शक्यता असते, फक्त ती गाठायला हवा पुरेशी वाहिली पाहिजे. मेमध्ये माठातले पाणी गारेगार आणि पावसाळ्यात कोमट, हा विदर्भातल्या प्रत्येक घराचा अनुभव. शक्यता हवेने दिलेली; ती हाती लागणे प्रयत्नावर.

दैव आणि पुरुषकार (माणसाचा प्रयत्न) यांच्या वादाला महाभारताच्या अनुशासनपर्वात नेमके हेच रूप आहे. युधिष्ठिर भीष्मांना विचारतो की दोहोंत श्रेष्ठ कोण, आणि भीष्म वसिष्ठ व ब्रह्मदेव यांचा संवाद सांगतात. शेत म्हणजे पुरुषकार, बी म्हणजे दैव. एकाशिवाय दुसरे निष्फळ. याज्ञवल्क्यस्मृतीत दृष्टांत रथाचा आहे, एका चाकावर तो चालत नाही. नैसर्गिक टॉवर दैवावर आणि यांत्रिक टॉवर पुरुषकारावर चालतो, अशी वाटणी मात्र चुकीची ठरेल. ओल्या बल्बचे तापमान दोघांनाही दैवासारखे वाट्याला येते, आणि दोघांतही पुरुषकार आहे, कवचात थिजलेला किंवा पंख्यात फिरता. आता ठेंगण्या मनोऱ्याला पंख्यांची जोड देणारे टॉवरही बांधले जातात. चंद्रपूरसारख्या उष्ण, कोरड्या उन्हाळ्याच्या प्रदेशात निव्वळ नैसर्गिक ओढीवर विसंबण्यापेक्षा पंख्याचा आधार घेणे शहाणपणाचे आहे. नैसर्गिक हा शब्द कानाला शुद्ध वाटतो म्हणून ती रचना श्रेष्ठ ठरत नाही.

टॉवरांच्या या तुलनेत सहसा वीज, खर्च, जागा आणि थंडावा एवढेच मोजले जाते. धर्मविचाराच्या दृष्टीने सर्वांत जड बाब शेवटी उरते, ती उडून गेलेल्या पाण्याची. हवा नैसर्गिक ओढीने गेली काय आणि पंख्याने गेली काय, तेवढी उष्णता टाकायला पाणी जवळपास तेवढेच उडते. उरलेल्या पाण्यात क्षार साठू नयेत म्हणून त्यातले काही सतत बाहेर सोडावे लागते, आणि दोन्हींची भरपाई धरणातून होते. केंद्र सरकारच्या ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने जुन्या औष्णिक केंद्रांना मेगावॉट-तासामागे ३.५ घनमीटर पाण्याची कमाल मर्यादा घातली. २,९२० मेगावॉट पूर्ण भाराने चालले तर या मर्यादेप्रमाणे दिवसाला सुमारे साडेचोवीस कोटी लिटर होतात. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण आटत आले तेव्हा इथले काही संच बंद ठेवावे लागले होते. परळीचे केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी पूर्ण थांबले.

कर्मसिद्धान्ताच्या बाजूने नैयायिक दोन आपत्ती दाखवतात: कृतहान आणि अकृताभ्यागम. केलेल्याचे फळ करणाऱ्याला न मिळणे हा पहिला दोष, न केलेल्याचे फळ भोगावे लागणे हा दुसरा. जगाची व्यवस्था न्याय्य मानायची तर हे दोन्ही दोष टाळले पाहिजेत, म्हणून ते कर्माचा धागा एका जन्मापलीकडे नेतात. जन्मांतराचा प्रश्न बाजूला ठेवला तरी ही कसोटी याच जन्मात लावण्याजोगी आहे. चंद्रपूरची वीज राज्यभर जाते, दूरच्या शहरांतले दिवे आणि पंखे तिच्यावर चालतात. उडणारे पाणी, राख आणि खाणींची धूळ इथेच राहते. ज्याने दिवा लावला नाही त्याच्या विहिरीची पातळी उतरत असेल, तर तो अकृताभ्यागम आहे. टॉवरचा वारा आपोआप वाहतो असे म्हणून या हिशेबातून सुटता येत नाही. ओढ नैसर्गिक आहे, पाणी उचलण्याचा निर्णय नैसर्गिक नाही.

या प्रदेशाला पाण्याचा असा हिशेब नवा नाही. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव हजारोंनी आहेत, आणि धानाची शेती पिढ्यान्‌पिढ्या त्यांवर चालत आली. तलाव, विहिरी खोदणे याला धर्मशास्त्रात पूर्त म्हणतात आणि यज्ञाच्या जोडीने त्याचे पुण्य सांगतात. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जुन्या तलावाचे पाणी बळकावणाऱ्याला किंवा त्याकडे येणारा ओहोळ तोडणाऱ्याला दंड सांगितला आहे. त्या ग्रंथातले पुष्कळ काही आज त्याज्य आहे. पण पाणी बांधणाऱ्याला पुण्य आणि पाणी तोडणाऱ्याला दंड, हा विवेक टाकाऊ नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची ग्रामसभा जंगलाविषयीचे निर्णय सर्वसहमतीने घेते, २००९ मध्ये तिला सामूहिक वनहक्कही मिळाला. इरईच्या पाण्याबाबत अशी सहमती कोणी कोणाकडून घेतली, हा प्रश्न विचारणे गैर नाही. गडचिरोलीतल्याच कोनसरीला लोहखनिजावरचे कारखाने उभे राहत असताना तर तो गडचिरोलीलाही विचारावा लागेल.

नदीचे पाणी वाचवण्याच्या वाटा आहेत. नागपूरच्या भांडेवाडीत शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या केंद्राला दिले जाते. त्या प्रकल्पाची क्षमता दिवसाला १३ कोटी लिटर आहे. इतके पाणी नदीधरणातून उचलावे लागत नाही. दुसरी वाट कोरड्या शीतकरणाची. तिच्यात वाफ बंद नळ्यांत राहते आणि बाहेरून नुसती हवा वाहते, पाणी उडतच नाही. पण तिथे मर्यादा ओल्या बल्बची नसून हवेच्या प्रत्यक्ष तापमानाची असते. मेच्या दुपारी २४ ऐवजी ४६ अंशांशी गाठ पडते आणि त्याच कोळशातून वीज कमी निघते. जैन आणि गांधीविचारात ज्याला अपरिग्रह म्हणतात त्याची किंमत इथे मेगावॉटमध्ये मोजता येते. ती किंमत विजेच्या बिलात यावी, धानाच्या बांधीत नव्हे.

इरई चंद्रपूरजवळ वर्धेला मिळते. वर्धा गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याजवळ वैनगंगेला भेटते आणि तिथून पुढे दोघींचे नाव प्राणहिता होते. इरईच्या धरणातून जेवढे पाणी टॉवरच्या तोंडाने वर गेले नाही, तेवढेच या वाटेने सिरोंचाला गोदावरीपर्यंत पोहोचते.